गिधाडे उरली, त्यांचे काम थांबले

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. गेल्या चाळीस वर्षांत त्यांतली एकही देशातून नामशेष झालेली नाही. जैवविविधता म्हणजे जातींची यादी असे मानले, तर इथे काहीच बिघडलेले नाही. तरीही जे काम ही गिधाडे पिढ्यानपिढ्या करत आली होती, ते १९९० च्या दशकात देशाच्या बहुतेक भागात बंद पडले आणि त्याची किंमत माणसांना जिवाने मोजावी लागली.

निसर्गाचे रक्षण आणि त्यापासून माणसाला मिळणारे लाभ यांचा संबंध कसा असतो, हे समजून घ्यायला याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही. यातला प्रत्येक दुवा तपासलेला आहे. गिधाडे का मेली हे कळले आहे, किती वेगाने मेली हे मोजले आहे, त्यानंतर गावांत आणि शहरांत काय घडले याचाही हिशेब झाला आहे. ही साखळी एकेक कडी घेऊन पाहू.

मेलेल्या जनावराचे काय व्हायचे

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गाई-बैल १९ कोटींहून अधिक आहेत आणि म्हशी-रेडे सुमारे ११ कोटी. यांतली पुष्कळ जनावरे, विशेषतः गाई-बैल, कत्तलखान्यात न जाता म्हातारपणाने, आजाराने किंवा अपघाताने मरतात. एवढी मोठी धुडे जातात कुठे? गावोगावी त्यासाठी वस्तीपासून दूर एक ठरलेली जागा असे. ढोर तिथे ओढून नेले जाई, कातडे काढून घेतले जाई आणि उरलेले तसेच सोडून दिले जाई. पुढचे काम आकाशातून येई.

आपल्याकडची गिधाडे वासावर नव्हे तर नजरेवर जगतात. ऊन तापले की जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात ती पंख पसरून उंच चढतात आणि जवळपास पंख न हलवता तासन् तास घिरट्या घालतात. प्रत्येकाची एक नजर जमिनीवर असते आणि दुसरी आजूबाजूच्या गिधाडांवर. एकाला मढे दिसले आणि ते खाली उतरू लागले की दूरवरचे दुसरे त्याच्याकडे वळते, त्या दुसऱ्याला पाहून तिसरे वळते. थोड्याच वेळात मढ्याभोवती पन्नास-शंभर पक्षी जमतात.

तिथेही कामाची वाटणी असते. राजगिधाडाची चोच दणकट असते. ते जाड कातडे आणि चिवट स्नायू फाडते. पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडे मऊ मांस आणि आतडी खातात. लांब, जवळपास पिसे नसलेली मान त्यांना धडाच्या आत शिरायला उपयोगी पडते. छोटे पांढरे गिधाड आपल्या बारीक चोचीने हाडांना चिकटलेले कण टिपते. गिधाडांची संख्या पुरेशी असली की तासाभरात मोठ्या जनावराचा सांगाडा उरतो. ही स्वच्छ झालेली हाडे गोळा करून खत आणि सरस यांच्या कारखान्यांना विकणे हे अनेक गरीब कुटुंबांचे उपजीविकेचे साधन होते.

गिधाडाच्या पोटातले आम्ल अतिशय तीव्र असते. सडक्या मांसातले बरेचसे रोगजंतू त्यात मरतात, म्हणजे त्यांचा प्रवास गिधाडाच्या पोटात संपतो. या एका गोष्टीमुळे गिधाड केवळ सफाई करणारा पक्षी राहत नाही, तर रोगाची वाट अडवणारा पक्षी ठरतो.

अशा लाभांना पर्यावरणशास्त्रात ‘परिसंस्था सेवा’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनाने त्यांचे चार गट केले: अन्न-पाणी-लाकूड असे थेट हाती येणारे लाभ, पूर, रोगराई, हवामान यांना आवर घालणारे लाभ, श्रद्धा, परंपरा, आनंद असे सांस्कृतिक लाभ, आणि या तिन्हींना आधार देणाऱ्या, माती तयार होण्यासारख्या मूलभूत प्रक्रिया. गिधाडाचे मुख्य काम दुसऱ्या गटातले. पण मुंबईच्या मलबार हिलवरच्या दख्म्यात, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या उघड्या बुरुजात, पारशी समाज आपले मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करत आला. तिथे तेच काम धर्माचरणाचा भाग होते. गिधाडे नाहीशी झाल्यावर तिथे सौर परावर्तक बसवावे लागले. एका पक्ष्याच्या जाण्याने दोन वेगवेगळ्या गटांतले लाभ एकदम गेले.

औषध आले कुठून, मारले कसे

१९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातला बहुधा सर्वाधिक संख्येचा मोठा शिकारी-वर्गीय पक्षी असावा, असे पक्षिशास्त्रज्ञ मानत. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात त्या दशकाच्या अखेरीस या गिधाडांच्या साडेतीनशेच्या आसपास जोड्या घरटी करत होत्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिथे पुन्हा मोजणी केली, तेव्हा निम्म्याहून कमी उरल्या होत्या. पक्षी माना खाली टाकून बसलेले दिसत आणि नंतर झाडाखाली मरून पडलेले सापडत. काही वर्षांतच तिथली वसाहत संपली. आधी संशय एखाद्या नव्या विषाणूवर गेला.

उत्तर २००४ मध्ये मिळाले. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये मेलेली गिधाडे तपासली. मूत्रपिंडे निकामी झालेली आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा, खडूसारखा थर साचलेला. हे करणारा पदार्थ होता डायक्लोफेनॅक, म्हणजे माणसांच्या सांधेदुखीवर दिले जाणारे परिचित वेदनाशामक. स्वस्त झाल्यावर ते १९९० च्या दशकात गुरांनाही सर्रास टोचले जाऊ लागले होते. ताप, लंगडणे, कासेची सूज, काहीही असो, एक सुई दिली की जनावराला आराम पडे. बैलाच्या शरीरातून ते काही दिवसांत निघून जाते. पण सुई दिल्यावर एक-दोन दिवसांत जनावर मेले तर औषध मांसात राहते, आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे थोड्याच दिवसांत बंद पडतात.

शेतकऱ्याने यात काही चूक केली असे म्हणता येत नाही. कण्हणाऱ्या बैलाला आराम द्यावा ही साधी माया आहे. जनावराच्या शरीरापुरते औषध तपासलेले होते; मेल्यावर ते शरीर कोण खाईल, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

दोनशेत एक मढे

सगळीच गुरे काही मरण्याच्या आदल्या दिवशी डायक्लोफेनॅक टोचून घेत नव्हती. मग कोट्यवधी गिधाडे कशी संपली? संशोधकांनी गणित मांडले, तेव्हा शंभरात एकाहून कमी मढी विषारी असली तरी एवढी घट होण्यास पुरेशी ठरतात, असे दिसले. हे गणित आपण सोप्या रूपात करून पाहू शकतो.

समजा, दोनशे मढ्यांपैकी एकाच मढ्यात मारक मात्रा आहे. गिधाड साधारण तीन दिवसांतून एकदा पोटभर खाते, म्हणजे वर्षाला सुमारे १२० वेळा. दर वेळी वाचण्याची शक्यता दोनशेत १९९. ही शक्यता स्वतःशीच १२० वेळा गुणली की उत्तर सुमारे ५५ टक्के येते. म्हणजे वर्षभरात शंभरातली ४५ गिधाडे विषाने मरतात. प्रत्यक्ष पाहणीत २००० ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या दरवर्षी सरासरी सुमारे ४४ टक्क्यांनी घटत होती.

या घटीला तोंड द्यायला जन्मदर पुरेसा नव्हता. मादी वर्षाला एकच अंडे घालते, पिल्लू स्वतः घरटे करण्याजोगे व्हायला पाच-एक वर्षे लागतात. प्रौढ पक्षी दीर्घकाळ जगतात या भरवशावर ही सारी व्यवस्था उभी असते. तो भरवसा गेला, तेव्हा १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी कमी झाली. लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी.

जमावाने एकत्र खाण्याची जी सवय सफाईचे काम वेगाने उरकत होती, तिनेच विष वेगाने पसरवले. एका मढ्यावर पन्नास पक्षी जमत होते, म्हणून एक विषारी मढे पन्नास पक्ष्यांना पुरत होते.

जागा रिकामी राहत नाही

गिधाडे गेली तरी गुरे मरतच होती. मढी आता दिवसचे दिवस सडू लागली. काही ओढ्या-नाल्यांत ढकलली गेली. आणि जे अन्न पूर्वी पक्षी खात, ते भटक्या कुत्र्यांना मिळू लागले.

कुत्रे हा गिधाडाला पर्याय वाटतो, पण तो तसा नाही. कुत्रे सांगाडा स्वच्छ करत नाहीत. बरेच मांस सडायला उरते. रोगजंतू त्यांच्या शरीरात संपत नाहीत, उलट रेबीज त्यांच्यामार्फतच माणसापर्यंत येतो. गिधाड वर्षाला एक पिल्लू वाढवते, तर कुत्री एका वेळी पाच-सहा पिल्ले देते. आणि पोट भरलेले कुत्रे डोंगरकड्यावर परत जात नाही, वस्तीतच राहते.

अनिल मार्कंडेय आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याचा अंदाज मांडला. १९९२ ते २००६ या काळात गिधाडे घटल्यामुळे सुमारे ५५ लाख कुत्रे वाढले, सुमारे ३ कोटी ८५ लाख जादा चावे झाले आणि रेबीजने ४७ हजारांहून अधिक जादा मृत्यू झाले असावेत. त्यांनी केलेला खर्चाचा हिशेब ३४ अब्ज डॉलरपर्यंत गेला.

२०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी प्रश्न आणखी व्यापक केला. ज्या जिल्ह्यांचा परिसर गिधाडांना अनुकूल होता आणि ज्यांचा नव्हता, अशा दोन गटांतले मृत्युदर त्यांनी डायक्लोफेनॅकपूर्वी आणि नंतर असे ताडून पाहिले. आधी दोन्ही गट एकाच चालीने जात होते. औषध आल्यानंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत माणसांचा मृत्युदर ४ टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या काळात सरासरी वर्षाला १ लाख, म्हणजे एकूण सुमारे ५ लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज आहे. त्याच जिल्ह्यांत रेबीजच्या लशींची विक्री वाढलेली दिसली आणि पाण्यात विष्ठेतले जंतूही वाढलेले दिसले. नुकसान त्यांनी वर्षाला सुमारे ६९ अब्ज डॉलर असे मांडले.

यंत्रांनी हे काम करता येते का? स्पेनने तो अनुभव घेतला. गाईंच्या मेंदूरोगाच्या साथीनंतर युरोपात मेलेली जनावरे रानात सोडायला मनाई झाली, आणि ती ट्रकने गोळा करून प्रक्रिया-कारखान्यांत नेण्यात येऊ लागली. नुसत्या या वाहतुकीतून वर्षाला सुमारे ७७ हजार टन कार्बन डायऑक्साइडएवढे प्रदूषण होते, असे पुढे मोजले गेले. गिधाडे हेच काम इंधनाशिवाय करत होती. नंतर युरोपात नियम सैल करून गिधाडांसाठी काही ठिकाणी मढी सोडण्याची मुभा द्यावी लागली.

जात वाचणे आणि काम चालू राहणे

२०१५ च्या आसपासच्या अंदाजांनुसार देशात पांढऱ्या पाठीची सुमारे ६ हजार, लांब चोचीची सुमारे १२ हजार आणि बारीक चोचीची सुमारे १ हजार गिधाडे होती. जात टिकण्याच्या दृष्टीने हा आकडा आशा देणारा आहे. सफाईच्या दृष्टीने तो जवळपास शून्य आहे.

याचे कारण कामाच्या पद्धतीत आहे. एक गिधाड एका वेळी किलोभर मांस खाते. बैलाचे मढे संपवायला शेकड्याच्या घरात पक्षी हवेत. पाच पक्षी आले तर उरलेले सडतेच. शिवाय मढे सापडण्यासाठीसुद्धा आकाशात एकमेकांना दिसतील इतके पक्षी हवेत. ते विरळ झाले की नजरेची साखळी तुटते. म्हणून संख्या निम्मी झाल्यावर काम निम्मे होते, असे सरळ प्रमाण इथे चालत नाही. एका मर्यादेखाली संख्या गेली की काम एकदम कोसळते.

यातून संवर्धनासाठी मिळणारा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुर्मीळ झालेल्याला वाचवणे आवश्यक आहेच. पण माणसाला मिळणारे लाभ बहुतेक वेळा सर्वसामान्य, रोज दिसणाऱ्या, मुबलक जीवांकडून येतात. मधमाश्या, गांडुळे, वटवाघळे, शेताच्या बांधावरचे गवत यांची संख्या घटू लागते तेव्हा ती कुठल्याही धोक्याच्या यादीत नसतात. गिधाडेही नव्हती. २००० मध्ये या तीन जातींची ‘अतिसंकटग्रस्त’ अशी नोंद झाली, तोवर काम बंद पडून गेले होते.

दुसरा धडा हिशेबाचा. गिधाडांना कोणी मजुरी देत नव्हते, म्हणून त्यांच्या कामाची किंमत कुठल्याच वहीत नव्हती. स्वस्त औषधाचा फायदा औषध विकणाऱ्याला आणि गुरांच्या मालकाला लगेच मिळाला. तोटा मात्र शाळेच्या वाटेवर कुत्रे चावलेल्या मुलाला, लशीसाठी तालुक्याला धावणाऱ्या आईला आणि नाल्याकाठी राहणाऱ्या कुटुंबाला झाला. लाभ घेणारे आणि किंमत मोजणारे वेगळे असले की बाजार आपोआप सुधारत नाही. तिथे कायदा लागतो.

मग संवर्धन कसे चालते

पहिली पायरी विष थांबवणे. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांना गुणकारी आणि गिधाडांना निर्धोक असल्याचे दाखवणारे संशोधन प्रसिद्ध झाले, त्यामुळे शेतकऱ्याला पर्याय मिळाला. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनच्या बाटलीचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित केला गेला. असिक्लोफेनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचे तर गुरांच्या शरीरातच डायक्लोफेनॅक बनते. ते आणि किटोप्रोफेन २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झाले, पुढे निमसुलाइडही. मधल्या वर्षांत गुरांच्या दवाखान्यांत ही औषधे खुली होती. दोनशेत एकाचे गणित लक्षात घेतले, तर एवढी फट किती महाग पडते हे वेगळे सांगायला नको.

दुसरी पायरी बीज राखणे. हरियाणातले पिंजोर, आसाममधले राणी, पश्चिम बंगालमधले राजाभातखावा आणि मध्य प्रदेशातले भोपाळ इथे प्रजनन केंद्रे उभी राहिली. ऑक्टोबर २०२० पासून पिंजोरची काही गिधाडे मोकळ्या आकाशात सोडली गेली. २०२४ मध्ये तिथूनच आणलेले पक्षी महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंचच्या जंगलात सोडण्यासाठी आले.

तिसरी पायरी सर्वांत कठीण: आकाश सुरक्षित करणे. सोडलेले गिधाड अन्नासाठी दूरदूर जाते. म्हणून वसाहतीभोवती १०० किलोमीटर त्रिज्येचा ‘गिधाड सुरक्षित प्रदेश’ आखतात. हे क्षेत्रफळ सुमारे ३१ हजार चौरस किलोमीटर भरते, म्हणजे महाराष्ट्राचा दहावा भाग. एवढ्या मुलखातले औषध दुकानदार, गुरांचे डॉक्टर आणि पशुपालक यांच्याशी बोलत राहावे लागते. अभयारण्याच्या कुंपणाने हे होत नाही.

चौथी पायरी घरटी आणि अन्न. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या रानात पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच झाडांवर घरटी करतात. स्थानिक लोकांनी ही झाडे राखली आणि मेलेली जनावरे पक्ष्यांसाठी ठेवण्याची सोय केली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने याच किनारपट्टीवरची असंख्य उंच झाडे पाडली. ती पुन्हा वाढायला एक पिढी जाईल. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत आहे, आणि त्या डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालेला आहे.

फायद्यापलीकडे

माणसाला उपयोग होतो म्हणूनच जीव वाचवायचे का? बारीक चोचीचे गिधाड देशाच्या ईशान्य भागात मोजकेच उरले आहे. त्याच्याकडून पूर्वीसारखी सफाई लवकर होईल अशी आशा नाही. केवळ लाभाचा हिशेब धरला तर त्याच्यासाठी केंद्र चालवण्याचा खर्च कोणी मंजूर करणार नाही. तरी तो करायला हवा, कारण लाखो वर्षांत घडलेला जीव आपल्या एका निष्काळजी निर्णयापायी संपवण्याचा हक्क आपल्याला नाही. लाभाचा युक्तिवाद सरकारला, अर्थखात्याला, औषध नियंत्रकाला हलवतो. त्याचा उपयोग जरूर करावा. पण त्याच्या जोडीला ही दुसरी जाणीव लागतेच, कारण लाभ बहुधा जीव गमावल्यावरच मोजता येतात.

गिधाडांच्या संवर्धनाचे यश त्यामुळे पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या संख्येवर ठरू नये. एखाद्या तालुक्यात उघड्यावर पडलेले मढे पुन्हा गिधाडांनी संपवले का, हे त्याचे माप. त्या दिवसापर्यंतची वाट लांब आहे, पण तिच्यातला एक तुकडा पशुपालकाच्या हातात आहे. गोठ्यातल्या जनावराला वेदनेवर सुई देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे: यात मेलॉक्सिकॅम आहे का? आणि सुई देऊनही जनावर दगावले, तर कोणते औषध कधी दिले होते हे माहीत झाल्याशिवाय ते मढे उघड्यावर टाकू नये, पुरावे. दोनशेतले ते एक मढे टळले, तर बाकीचे गणित आपल्या बाजूने फिरू लागते.